बुर्जी

रेवदंडा, रविवार, ता. ८ ऑक्टोबर १९३३

आज पुन्हा हरलो. या गावात बदली होऊन आलो तेव्हापासून दर रविवारी अलीमियाँच्या पडवीत जाऊन मी हरतो आणि घरी येऊन जेवतो. माझी बायको कमळ आता विचारतसुद्धा नाही. माझं तोंड बघून आमटी वाढते.

हरण्याचं दुःख नाही. अलीमियाँ म्हातारे, अनुभवी. लाकडाच्या वखारीत बसून त्यांनी जन्मभर गिऱ्हाइकांबरोबर पट मांडला. पण ज्या रीतीने ते हरवतात ती मला झोंबते. माझी मोहरी एकेक करून गारद करतात आणि एक प्यादं मुद्दाम शिल्लक ठेवतात. मग माझ्या राजाला पटभर फिरवून शेवटी आपल्या प्याद्याने मात करतात. मांजर उंदराला खेळवतं तसं. आज मी बोललो, "चाचा, मारायचं तर मारून टाका ना ते प्यादं एकदाचं!" तर दाढीत हसून म्हणाले, "ते मारलं तर मग मजा काय राहिली, मास्तर?"

माझ्या जिवावर मजा. एकदा, फक्त एकदाच, या माणसाला सरळ हरवायचं आहे.

शुक्रवार, ता. ३ नोव्हेंबर

अलिबागच्या क्लबाने जानेवारीअखेर बुद्धिबळाचे सामने जाहीर केले आहेत. विलायती कायद्याने. मी उन्हाळ्याच्या सुटीत गिरगावात मेहुण्याकडे राहून तो खेळ शिकलो, तेव्हा माझ्या अंगात वारं शिरलं नसतं तरच नवल. लगेच नाव दिलं. संध्याकाळी अलीमियाँना सांगितलं तर म्हणाले, "माजं पण लिही."

मी म्हटलं, "चाचा, तिथे आपले कायदे चालत नाहीत."

"मंग तू कशाला आहेस? शिकव."

म्हणजे आता गुरूचा गुरू व्हायचं आलं. मनातून बरं वाटलं, लपवत नाही.

रविवार, ता. १२ नोव्हेंबर

शिकवणी चालू. प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जाऊ शकतं, हे त्यांनी ऐकून घेतलं. दोन घरं उडी मारून निसटणाऱ्या प्याद्याला शेजारचं प्यादं जाता जाता मारू शकतं, हे ऐकून मात्र म्हणाले, "ही तर वाटमारी झाली!" किल्लेकोट दाखवला, राजा एका खेळीत हत्तीच्या आडोशाला जातो तो, तेव्हा तर पट ढकलूनच दिला. "लढाई सुरू व्हायच्या आधी राजा दडून बसतो? असला राजा मी न्हाय ठेवायचा."

त्यांची विधवा बहीण सुगराबी आतून चहा घेऊन आली होती. ती म्हणाली, "तुज्या राजाला दडायला सांगतंय कोन? तू आपला मोकला बस." आम्ही तिघं हसलो. गेल्या कित्येक रविवारांत इतकी मजा आली नव्हती.

सोमवार, ता. २७ नोव्हेंबर

अलीमियाँचा मुलगा सिराजुद्दीन मोंबासाहून आला आहे. तिकडे बंदरात त्याचं दुकान आहे. बापाला कायमचं घेऊन जायचं म्हणतो. बायको, मुलं, सगळं तिकडेच. "इथे तुमचं कोण आहे?" असं त्याने माझ्यासमोर विचारलं. मी पटाकडे बघत राहिलो.

अलीमियाँ म्हणाले, "अरे, मी काय म्हातारा झालो? माजं डोकं शाबूत आहे. ज्या दिवशी हा मास्तर मला पटावर हरवील, त्या दिवशी समज बाप म्हातारा झाला. मंग बांध माजी वळकटी."

"जबान?" सिराजने विचारलं.

"जबान."

सगळे हसले. मीही हसलो, पण ओशाळून. म्हातारपण आलं की नाही हे मोजायला मी माप! सिराज मात्र हसला नाही. जाताना दारापर्यंत आला आणि अदबीने विचारलं, "मास्तर, तुमचा खेळ कसा आहे हल्ली?"

शनिवार, ता. १६ डिसेंबर

गिरगावच्या क्लबात एका पारशी गृहस्थाने मला एक तिखट बचाव दाखवला होता. बचाव कसला, दरोडाच. पांढरा आपलं प्यादं पुढे करतो, आपणही करतो. पांढऱ्याचा घोडा उडी मारून आपल्या प्याद्यावर रोख धरतो. इथे कुठलाही शहाणा माणूस आपल्या प्याद्याला जोर देतो. आपण द्यायचा नाही! उलट राजाच्या उंटापुढचं प्यादं दोन घरं फेकून द्यायचं. घ्या म्हणायचं. समोरचा चक्रावतो, आणि चक्रावला की मेला.

हा बचाव मी अलीमियाँना दाखवलेला नाही. कायदे शिकवायचं कबूल केलं होतं, डावपेच शिकवायचं नव्हे. शाळेतून आलो की पहिल्या दहा खेळ्या घोकतो. डाव तिथेच संपवायचा. पुढचं कोण बघतो?

कमळने आज तांदूळ निवडता निवडता विचारलं, "तुमी जिकलाव तं चाचा जातील न्हवं?"

"अगं, तो विनोद होता."

"इनोद असंल. पन तेंच्या पोराच्या तोंडावं मना इनोद दिसला न्हाय."

बायकांना प्रत्येक गोष्टीत काळजी दिसते. मी तिला म्हटलं, जन्मभर इथे राहिलेला माणूस एका डावापायी समुद्रापार जाईल का? ती सूप उचलून आत गेली. ती अशी उठून गेली की मला राग येतो.

बुधवार, ता. १७ जानेवारी १९३४

ईद. अलीमियाँकडे शीरखुर्मा खाल्ला, दोन वाट्या. रमजानभर दुपारी आमचा पट बंदच होता. आज म्हाताऱ्याच्या अंगात उत्साह मावत नव्हता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, अलिबागला मी जिंकायला येतोय, हां. सिराज रोज मागे लागतो. पेपरात माजं नाव छापून आलं, की त्याचं तोंड बंद. आपण दोघं मंग मरेपर्यंत इथे बसू, ह्या पडवीत."

मी म्हटलं, "तुमची-माझी गाठ पडली तर?"

"तर तुला हरवीन. त्यात काय नवीन?"

सुगराबी जोरात हसली. मी वाटी खाली ठेवली. मनात म्हटलं, बघूच.

शनिवार, ता. २७ जानेवारी, अलिबाग

जिंकलो. हा शब्द लिहिताना आनंद होईल असं मला वाटायचं. होतो आहे तो संताप.

काल पहिल्या फेरीत आम्ही दोघंही निभावलो आणि आज गाठ पडली. त्यांच्याकडे पांढरी. त्यांनी प्यादं टाकलं, मी टाकलं, त्यांचा घोडा आला, आणि मी उंटापुढचं प्यादं फेकलं. अलीमियाँनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "हे कधी शिकलास रे?" मी पटाकडे बोट केलं. त्यांनी प्यादं खाल्लं. मी राजापुढचं प्यादं एक घर सरकवून त्यांच्या घोड्याला हाकललं, तो बिचारा परत तबेल्यात. माणसं गोळा झाली. किल्लेकोट त्यांनी केला नाही, करणारच नव्हते. त्यांचा राजा उघड्यावर आणि माझी मोहरी चहूकडून धावत होती. एक उंट मी फुकट मारला. वाटलं, आलं हाती.

आणि मग म्हातारा खेळू लागला. घाई नाही, गडबड नाही. मी जितका धावलो तितका दमलो. एक हत्ती गेला, मग वजिराला वजीर, मग घोडा. दुपारच्या चहापर्यंत माझ्याजवळ राजा आणि कडेचं एक प्यादं उरलं, शेवटापासून दोन घरांवर. त्यांच्याजवळ हत्ती आणि घोडा. आणि त्यांचा हत्ती सरळ रेषेत माझ्या प्याद्यावर रोखलेला, मध्ये काही नाही. खेळीही त्यांची. माझा हात राजा आडवा करायला पुढे झाला होता.

अलीमियाँचा हात हत्तीच्या डोक्यापर्यंत गेला. थांबला. त्यांनी माझ्याकडे बघून तेच दाढीतलं हसू हसलं आणि हात मागे घेतला. घोडा उचलून शह दिला.

माझा विश्वास बसेना. राजा हलवला. पुन्हा शह, पुन्हा हललो. तिसऱ्या शहाला एका कोपऱ्यातून मला वाट सापडली, ती त्यांना दिसली नसावी. किंवा दिसली असावी! शह संपले. माझं प्यादं सरकलं. मग आणखी एक घर, आणि वजीर झालं. त्या वजिराने शह देतादेता त्यांचा हत्ती उचलला. उरला एकटा घोडा. तो काय करणार?

अलीमियाँनी बोटाने दोन-तीन घरं मोजली. मग "माशाल्ला, मास्तर," एवढंच म्हणून त्यांनी राजा आडवा केला. मागे उभ्या असलेल्या सिराजकडे वळून म्हणाले, "बांध वळकटी." सिराजने बापाचा हात दोन्ही हातांत घेतला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

गर्दीतला एक वकील म्हणाला, "पण हत्तीने ते प्यादं का नाही हो मारलं? पोरसुद्धा मारील!" दुसरा म्हणाला, "दया केली मास्तरांवर." सगळे हसले.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यांना जायचंच होतं! मुलाकडे, नातवंडांकडे. पण गावाला काय सांगणार, सुगराबीला काय सांगणार? म्हणून मास्तर हरवील तेव्हा जाईन, हे सोंग. मी जिंकलो नाही, मला जिंकू दिलं. जाण्याच्या निमित्तासाठी मला वापरलं.

मी सगळ्यांदेखत बोललो. "जायचं होतं तर सरळ जायचं, चाचा. मला भीक कशाला घातलीत? मुद्दाम हरलात तुम्ही."

त्यांचा चेहरा उतरला. "मी? पटावर खोटं खेललो? मी?"

"नाहीतर काय? प्यादं समोर होतं."

ते वाकून बराच वेळ वहाणा शोधत राहिले. वहाणा पायाशीच होत्या. सिराजने त्या पायांत सरकवल्या आणि दोघं निघून गेले.

रविवार, ता. २८ जानेवारी

पुढच्या फेरीत पेणच्या वकिलाने माझा तिखट बचाव चहा गार व्हायच्या आत मोडला. त्याला तो पाठ होता. परतीच्या सर्व्हिस मोटारीत एकटाच आलो.

मंगळवार, ता. ६ फेब्रुवारी

अलीमियाँची वाडी पुतण्याच्या, अब्दुस्समदच्या नावे झाली. सुगराबी त्याच्याकडे राहणार. गावात सगळे मलाच विचारतात, अलीमियाँ जाताहेत हे खरं का? मी म्हणतो, मला काय माहीत.

रविवारी गेलो नाही. पाय निघाले होते, चावडीपर्यंत जाऊन परतले.

सोमवार, ता. १२ फेब्रुवारी

कमळला विहिरीवर सुगराबी भेटली. तिने सांगितलं म्हणे, की भाऊ रोज पट मांडतो, तोच डाव तिथपर्यंत आणतो आणि बसून राहतो. म्हणतो, एक वाट मला दिसली न्हाय, माजं डोकं गेलं, सिराज म्हणतो तेच खरं, आता मी कुनाच्या उपयोगाचा न्हाय.

मी म्हटलं, "सोंग आहे."

कमळ म्हणाली, "सोंग करनारा मानूस जेवतो तरी. चाचा जेवत न्हाय." मग माझं ताट उचलून घेऊन गेली. मी अजून ताक घ्यायचा होतो.

रविवार, ता. १८ फेब्रुवारी

जे झालं ते लिहून काढतो, म्हणजे निदान एकदा तरी नीट लिहिलं जाईल.

किहीमचे भागोजी काथ्या विकायला बाजारात आले होते. म्हातारे आहेत, जुन्या पद्धतीने खेळतात. माझ्या ओट्यावर पाणी प्यायला टेकले आणि कोपऱ्यातला पट बघून म्हणाले, "होऊन जाऊ दे एक डाव." मला तर खेळायला कुणीच उरलेलं नाही. बसलो. भागोजी काही फार खेळणारे नव्हेत. माझ्याकडे वजीर, हत्ती सगळं शाबूत, त्यांच्याकडे एक उंट. मी तो मारला.

भागोजींनी टाळी वाजवली. "झाली बुर्जी! डाव बरोबर!"

"बरोबर कसा? तुमच्याजवळ नुसता राजा उरलाय, मी जिंकत आलोय."

"अवो मास्तर, नुसता राजा उरला म्हंजेच बुर्जी. शेवटचा मोहरा मारला की डाव सुटला, कोन जिकला न्हाय, कोन हरला न्हाय. जिकायचं तं एक मोहरा जिता ठेवून मात करायची. तुमाला ठावं न्हाय व्हय?"

मी हसून, शाळेत सांगतो तशा आवाजात सांगू लागलो, की विलायती कायद्यात बुर्जी नाही. तिथे शेवटचं मोहरं खुशाल मारावं, नुसत्या राजाला मात केली तरी डाव जिंकला. सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं आणि मी थांबलो.

बुर्जी हा शब्द मी लहानपणी ऐकला होता. पण हा जिंकणाऱ्याने सांभाळायचा कायदा. मी अलीमियाँवर कधी जिंकत आलोच नाही, त्यांचं शेवटचं मोहरं माझ्यासमोर कधी आलंच नाही, मग तो माझ्या ध्यानात राहणार कुठून? ते माझं एक प्यादं राखायचे ते मला खेळवायला नव्हे, डाव जिंकायला. आणि मी त्यांना दोन घरं शिकवली, किल्लेकोट शिकवला, वाटमारी शिकवली. डावाचा शेवट शिकवलाच नाही, कारण मी स्वतः पहिल्या दहा खेळ्यांत अडकलो होतो. बुर्जी गेली, हे त्यांना कुणी सांगितलं नाही. सांगायचं काम माझं होतं.

त्यांचा हात हत्तीवर थांबला तो दयेने नाही. जिंकण्यासाठी थांबला. राहण्यासाठी थांबला.

भागोजी विचारत होते, "काय झालं वो मास्तर? पानी देऊ काय?" माझ्याच घरात मला पाणी विचारत होते.

लगेच अलीमियाँकडे धावलो. घर बंद. अब्दुस्समद म्हणाला, चौलला नातेवाइकांना भेटायला गेलेत सगळे, परवा परस्पर बंदरावर येतील, आगबोट परवाची आहे. चौल काही लांब नाही. मी चालतच निघालो. पण कुणाच्या घरी उतरलेत ते अब्दुस्समदलाही नीट माहीत नव्हतं, आणि दोन-तीन मोहल्ल्यांतून विचारत हिंडून परत आलो. खरं सांगायचं तर शेवटच्या दारावर मी हाक मारली ती हळूच मारली. आतून कुणी ओ दिली नाही, तेव्हा सुटल्यासारखं वाटलं.

मंगळवार, ता. २० फेब्रुवारी

शाळेला दांडी मारून सकाळीच बंदरावर गेलो. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती, माणसांना पडावातून तिच्यावर चढवत होते. अलीमियाँ एका पेटीवर बसले होते. नवा कोट घातला होता, तो खांद्यात मोठा होत होता. सुगराबी जरा दूर, बुरख्याचं तोंड हातात धरून. सिराज सामान पडावात चढवत होता.

मी जाऊन समोर उभा राहिलो. महिनाभर बोललो नव्हतो. त्यांनी पेटीवर थोडं सरकून मला जागा केली.

मी बसलो नाही. उभ्याउभ्या सांगितलं. "चाचा, विलायती खेळात बुर्जी नाही."

त्यांना पहिल्यांदा कळलं नाही. "काय न्हाय?"

"बुर्जी. शेवटचं प्यादं मारता येतं. मारलं तरी डाव चालू राहतो. मी तुम्हाला सांगायचं विसरलो."

त्यांनी हळूच विचारलं, "म्हंजे हत्तीने ते प्यादं मारलं असतं, तर?"

"तर तुम्ही जिंकला होता. नुसत्या राजाला हत्तीने मात करणं तुम्हाला काय कठीण? तुम्ही जिंकलाच होता, चाचा."

"मंग माजं डोकं ठीक आहे."

"अगदी ठीक आहे."

त्यांनी मोठा श्वास घेतला. चेहऱ्यावर क्षणभर तो जुना माणूस आला, रविवारी मला हरवणारा. मग ते हसायला लागले, खोकला लागेपर्यंत हसले. "आणि मी रोज शोधतोय, वाट कुठे चुकलो!"

मी भराभर बोलत सुटलो. की मी क्लबाला लिहितो. एक कायदा सांगितलाच नव्हता, तर तो डाव धरता येणार नाही, रद्द समजायला पाहिजे. मी सिराजला समजावून सांगतो, आत्ता सांगतो.

त्यांनी माझा दंड धरला. "त्याला न्हाय सांगायचं."

"पण तुम्ही हरला नाहीत!"

"ते तू मला सांगितलंस, झालं. बघ त्याच्याकडे." सिराज कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून बापाची गादी डोक्यावरून पडावात पोचवत होता, भिजू नये म्हणून. "किती वर्षांनी तो माज्यासाठी असा हसतोय. आता त्याला काय सांगू, बुर्जी झाली म्हणून?"

सुगराबी जवळ आली. भावाने तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ती तिथेच वाळूत बसली. मला माफी मागायची होती, पुष्कळ बोलायचं होतं. पण माझ्या तोंडी पटाशिवाय दुसरं काही येईना. मी म्हणालो, की तो तिसरा शह घोड्याऐवजी हत्तीने दिला असता, तर प्यादं जिवंत ठेवूनसुद्धा मात होती. मी रात्री मांडून पाहिलं. ते म्हणाले, "व्हय? बरं झालं सांगितलंस."

सिराजने त्यांना हाताला धरून पडावात चढवलं. माझ्याकडे बघून त्याने अदबीने कपाळाला हात लावला, त्याच्या दृष्टीने मी त्याच्यावर उपकार केले होते. नावाड्यांनी वल्ही मारली.

थोडं दूर गेल्यावर अलीमियाँ उभे राहिले. सिराज त्यांना बसवायला लागला तर त्याचा हात बाजूला केला आणि दोन्ही हातांचा भोंगा करून ओरडले, "मास्तर! आनखी काय सांगायचं राहिलंय काय रे?"

राहिलं होतं. मी मान हलवली, नाही म्हणून.